जुन्या ट्रॅक्टरचा एक सिलेंडर मिस मारतोय (नीट पेट घेत नाही), कुठला ते कसं ओळखायचं?
डिझेल इंजिन असेल तर स्लोवर चालू ठेवा आणि इंजेक्टरच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा ढिला करा, इंजिनचा वेग पडायला लागला तर तो सिलेंडर ठीक, काहीच फरक नाही पडला की चोर तोच. बोट मात्र फवाऱ्यासमोर नेऊ नका, डिझेल कातडीत घुसतं! मग लगेच नोझल (इंजेक्टरचं तोंड) बदलत बसू नका, इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा (तांब्याचा वॉशर नवा टाका), मिसिंग सोबत गेलं तर इंजेक्टर, तिथंच राहिलं तर व्हॉल्व्हचा गॅप नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघा. आज हा उद्या तो असं फिरतं मिसिंग असेल तर बहुतेक डिझेलच्या लाइनमध्ये हवा आहे. पेट्रोलवाला असेल तर आधी प्लग आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे कॉन्टॅक्ट) साफ करा.