ओळीच्या शेवटी ‘इरिगेशन’ हा इंग्रजी शब्द कसा तोडावा आणि त्याचा नेमका अर्थ काय?

या शब्दाचे इंग्रजी अक्षरांनुसार चार खंड पडतात : आय-आर, आर-आय, जी-ए आणि टी-आय-ओ-एन. जोड ‘आर’ मधोमध विभागला जातो, परंतु शेवटची चार अक्षरे कधीही तोडत नाहीत. म्हणून संयोगचिन्ह त्यांच्या आधी देणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

अर्थ ‘सिंचन’, म्हणजे पावसावर विसंबून न राहता पिकाला पाणी पुरवणे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थही पाणी देणे असाच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून पाटाने पाणी वाटून घेण्याची जुनी फड पद्धत आणि जळगावच्या केळीबागांतील ठिबक, दोन्ही सिंचनच. वैद्यकात मात्र हाच शब्द जखम द्रवाने धुण्यासाठी वापरतात.