दारूचा थेंबही घेत नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ कसं काय? लिव्हर साफ करायला कोणता काढा घ्यावा, आणि केळी बंद करावी का?

शक्य आहे, आणि सर्रास आहे.

तुम्ही प्रश्नात आधी लिहिलंय, ‘थेंबही घेत नाही, घरात कोणीच घेत नाही, देवाशपथ.’ वय ४६, वजन ८४ किलो, शुगर बॉर्डरवर, हे सगळं त्या शपथेनंतर. म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर तुम्हाला कोणीतरी बोललंय. बायको असेल, साडू असेल, नाहीतर सोनोग्राफी करणाराच हसून म्हणाला असेल, ‘काय, पार्ट्या जोरात?’ तुमच्या काढ्याला उत्तर देणारे इथे पुष्कळ भेटतील. मी त्या शपथेसाठी लिहायला बसले.

आमचे नाना, म्हणजे वडील, अमळनेर तालुक्यातले शेतकरी. कोरडवाहू कपाशी, थोडी दादर ज्वारी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत वाडीवर सेवा, आणि गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारी कोणाच्या तोंडाला वास आला तर ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसणारा माणूस. शुगर मात्र जुनी, सुटलेलं पोट जुनं, आणि गोड चहा त्याहून जुना. भजन म्हटलं की चहा आलाच, तोही तळाला साखर राहील असा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्याच घरावरून पडली असावी. सकाळी साबुदाणा, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं वेगळं.

एवढं पुरतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृतात चरबी साचत जाते. तिला दारूची गरज नसते. बहुतेकांचं गाडं तिथेच थांबतं. काहींच्या यकृताला सूज येते, वर्षानुवर्षं व्रण पडत जातात आणि एक दिवस कागदावर सिरॉसिस लिहून येतं. यकृत दुखत नाही, त्यामुळे मधल्या काळात पत्ता लागत नाही. नानांच्या बाबतीत पत्ता लागण्यासारखा एक कागद होता. एका पावसाळ्यात ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर प्लेटलेट ९० हजार, म्हणजे कमी. गावात डेंग्यू होताच, त्यामुळे पपईच्या पानांचा रस सुरू झाला. ताप गेला, प्लेटलेट तिथेच राहिल्या आणि रिपोर्ट कपाटात गेला. यकृतातून रक्त नीट पुढे जाईना की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट अडवून धरते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. शुगरच्या माणसाच्या प्लेटलेट ताप गेल्यावरही कमीच दिसल्या तर यकृत तपासून घ्या. हे एवढं वाक्य जरी या उत्तरातून उचललंत तरी पुष्कळ झालं.

पुढे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास पाय सुजले, धोतर पोटावर बसेना, शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मग एका रात्री रक्ताची उलटी झाली. धुळ्याला नेलं. दुर्बीण घातली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या, त्यांना रबरी बँड लावले. आणि बाहेर येऊन डॉक्टरांनी सगळ्या गोतावळ्यासमोर पहिलं विचारलं, ‘किती वर्षांपासून घेतात?’

माय म्हणाली, ‘माळ शे हो गळामा.’ डॉक्टर म्हणाले, ‘माळवालेही येतात आमच्याकडे.’

विचारण्यात त्यांची चूक नव्हती. दारू खरंच सगळ्यात आधी विचारावी लागते. चारचौघांत विचारायला नको होतं, एवढंच. नंतर हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह आले, बाकीची कारणं तपासून झाली, आणि त्याच डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डवर फॅटी लिव्हर आणि मधुमेहामुळे सिरॉसिस असं स्वच्छ लिहून दिलं. पण आमच्या आप्पांनी, म्हणजे चुलत्यांनी, पहिला प्रश्न तेवढा ऐकला होता. गावात जाऊन त्यांनी तोच वाटला. ‘चोरीछुपी पेत व्हई. दारूबिगर लिव्हर जास का कोठे?’

इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. सप्ताहातली गोष्ट सोडत नाही.

त्या वर्षी काल्याच्या आदल्या रात्री नानांचा पहारा होता. घरी लॅक्ट्युलोजचं पातळ औषध चालू होतं. त्याने दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागतं, तेवढ्यासाठीच ते असतं. मांडवात बसायचं, संडास लांब, म्हणून नानांनी ते परस्पर बंद करून टाकलं होतं. मी काल्याला माहेरी आले होते. नाना वीणा घ्यायला उठले ते भेलकांडतच. वीणा उलटी धरली. ‘रामकृष्ण हरी’ म्हणताना जीभ जड. हात पुढे केला तर पंजा मनगटातून फडफडत होता, धरून ठेवायला गेले तरी स्थिर राहीना. आणि तोंडाला एक गोडसर, कुबट वास. आप्पा पुढे झाले, नानांच्या गळ्यातून वीणा काढली आणि मांडवभर ऐकू जाईल असं बोलले, ‘झिंगेल माणूसना हातमा वीणा नको.’

आतड्यात तयार होणारा अमोनिया खराब यकृताला आवरत नाही, तो रक्तातून मेंदूत जातो. माणूस बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हातपाय ऐकत नाहीत. तो वाससुद्धा याच आजाराचा. बद्धकोष्ठ झालं की हे हमखास, जंतुसंसर्गाने होतं, रक्त गेल्याने होतं, झोपेच्या गोळीनेही होतं. त्या रात्री परत धुळ्याला नेलं, एनिमा दिला, औषध चालू केलं. दुसऱ्या दिवशी नाना शुद्धीवर येऊन विचारत होते, पहाऱ्याला कोण उभं राहिलं. दारू अशी उतरते का?

घरात सिरॉसिसचा माणूस असेल आणि तो अचानक दारू प्यायल्यासारखा वागायला लागला, तर त्याला खाटेवर टाकून सकाळची वाट पाहू नका. गाडी काढा.

नानांनी नंतर भजनी मंडळात पाय टाकला नाही. दवाखान्याची फाईल पिशवीत तळाला, वर भाजी. दुर्बिणीची तारीख आली की ‘गावात विचारतील कुठे चालले’ म्हणून टाळायचे. त्या शिरा ठरावीक मुदतीने परत तपासाव्या लागतात. त्यातल्या किती तारखा हुकल्या ते फाईलवर दिसतं. २०१९ च्या पावसाळ्यात पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला आणि नाना गेले. आजार मोठाच होता, ते अजून किती जगले असते याचा हिशोब मी मांडत नाही. पण लाजेपायी उपचार टाळणारा माणूस मी जवळून पाहिलाय. म्हणून तुम्ही शपथ घेऊन प्रश्न विचारलात तेव्हा राग आला. तुमचा नाही.

आता तुमचं. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे चरबी किती दिसली त्याचा अंदाज. व्रण आहेत की नाही हे त्यातून कळत नाही. एसजीपीटी ही यकृताची रक्त तपासणी नॉर्मल आली म्हणून सगळं नॉर्मल असंही नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेट त्यात असतात) आणि एलएफटी (यकृताच्या रक्त तपासण्या, एसजीओटी-एसजीपीटी त्यात असतात) केली असेल तर घरीच एक आकडा काढा, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. उदाहरणार्थ वय ४६, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख. वर १८४०, खाली २०० गुणिले ८ म्हणजे १६००, उत्तर १.१५. तुमच्या वयाला १.३ च्या आत असेल तर व्रणांची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर पोटविकारवाल्याकडे जाच. मधे अडकला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, लागतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. जळगाव-धुळ्याला ही सगळी सोय आता आहे, त्यासाठी नाशिक-पुणे गाठायची गरज नाही. रिपोर्टवर एमएएसएलडी असं काही दिसलं तर घाबरू नका, २०२३ पासून याच आजाराचं ते नवं नाव आहे. आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार मधुमेह-कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलाय. ज्याला सरकारही दारूखात्यात टाकत नाही, त्याला आप्पांनी टाकलं.

औषध एकच खात्रीचं, वजन. सात ते दहा टक्के कमी केलंत तर यकृताची सूजही उतरते, म्हणजे तुमचे सहा ते आठ किलो. एकदम उपाशी राहून नाही, हळूहळू. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी. चहातली साखर, रसना, थंडाची बाटली, फरसाण, हे आधी. शेवभाजीवरची तर्री पाहून माझं मन फिरत नाही असं नाही, पण रविवारीच. कळण्याची भाकरी, भरीत, दादरची भाकरी आणि डाळ हे आपलं रोजचं जेवण वाईट नाहीच. बट्टीवर तुपाची धार आणि वर पुरणपोळी मांड्याएवढी, हे वाईट.

काढा कोणताच नाही. यकृत धुवायला लागत नाही, बाकी शरीर धुण्याचं काम तेच करतं. लॉकडाऊनमध्ये घरोघर गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद त्यांचा त्यांनी निस्तरावा. यकृत आधीच कुरकुरतंय तर त्याच्यावर प्रयोग कशाला करायचे? आमच्या फुईने, म्हणजे आत्याने, नानांना कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेलं होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, फुई खूश. दूषित पाण्याची साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय त्या माणसाला मिळतं. नानांची उतरणारी नव्हती. वर फुईने हळद बंद केली, कारण पिवळी, आणि डाळही बंद केली, कारण जड. नानांच्या दंडावरचं मांस महिन्याभरात उतरलं. सिरॉसिसच्या माणसाला प्रथिनं तोडायची नसतात, उलट झोपताना काहीतरी खायला द्यायचं असतं. कमी करायचं ते मीठ. म्हणजे बिबड्या, पापड, लोणचं.

आप्पा, पुतण्या तुम्हाला हे वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहिते. साखरपुड्यात मी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, डॉक्टर पैसे घेऊन काहीही लिहितात. बरं. मग तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्वतःची सोनोग्राफी करा. शुगर तुम्हाला आहे, पोट तुम्हाला आहे, माळ तुम्हालाही आहे. काही निघालं तर मी कोणाला काही सांगणार नाही. आणि नाना पीत असते तरी त्या रात्री त्यांना मांडवातून दवाखान्यातच न्यायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही, विमा कार्यालयात नोकरी करते, फायली वाचायची सवय आहे एवढंच. दारूने यकृत जातं हे तर खरंच आहे, माझ्या उत्तराचा आधार घेऊन कोणी बाटली उघडू नये. फॅटी लिव्हर असेल तर अधूनमधूनची बिअरही नको. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि सीचा उपचार बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांत होतो. शुगरच्या गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना विचारा. त्यातल्या काहींनी वजनही उतरतं.

केळी राहिलीच. केळीच्या पट्ट्यातली, रावेर-यावलची माणसं हे वाचत असतील, तर शांत व्हा, बंद करायला सांगत नाहीये. नाश्त्याला एक चालेल, शुगर वाढली तर अर्धं. शिकरण, मिल्कशेक आणि वेफर्स बंद. नानांना पोटातलं पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोनची गोळी होती, तिने रक्तातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून त्यांना केळं मोजूनमापून मिळायचं. तुमच्या चिठ्ठीत ती गोळी नसेल तर तो नियम तुम्हाला नाही.