मळ्यातल्या घरासाठी राखणदार कुत्रं: कांगल, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड की कारवान?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ मळ्यात घर आहे, तिथे आई-वडील दोघंच राहतात, तुम्ही पुण्यात. भुरट्या चोऱ्या वाढल्यात. आधीचं लॅब्राडोर विहिरीवरची मोटार न्यायला आलेल्यांच्या मागे शेपूट हलवत गेलं. म्हणून आता 'सगळ्यात जास्त राखण करणारी जात' हवी आहे, आणि यादीत कांगल, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, कारवान अशी नावं आहेत.

उत्तर आधी देऊन टाकतो: कांगल नको, रॉटवायलर तर मुळीच नको, आणि कुठलंही कुत्रं आणलंत तरी जुन्नर तालुक्यात ते रात्री बाहेर साखळीला बांधू नका. आता कारणं.

लॅब्राडोरवर राग काढू नका. बंदुकीनं पाडलेला पक्षी दात न रोवता आणून द्यायचा, हे त्याचं पिढीजात काम. शिकारीला दहा अनोळखी माणसं जमलेली असायची. परक्याला बघून गुरगुरणारं कुत्रं तिथे कुणी ठेवलंच नसतं. त्यानं त्याचा स्वभाव पाळला, इतकंच.

आपण ज्याला सरसकट 'राखण' म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. आवाज आला की भुंकून घर जागं करणं ही एक. आपली हद्द ओळखून तिच्यावर फेऱ्या मारणं दुसरी. कळपाला किंवा माणसाला चिकटून राहून मध्ये उभं राहणं तिसरी. आणि अंगावर जाऊन धरून ठेवणं चौथी. एका जातीत या चारही गोष्टी सारख्या येत नाहीत. आपल्याकडचा पॉमेरियन पहिल्या कामात भल्याभल्यांना मागे टाकेल, चौथ्यात शून्य. उलट इंग्लंडमधला बुलमॅस्टिफ चौथ्या कामासाठीच घडवला गेला. जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार करणाऱ्याला आडवा पाडायचा आणि रखवालदार येईपर्यंत दाबून ठेवायचा, शक्यतो न फाडता.

कांगल तिसऱ्या प्रकारातला. तुर्कस्तानातल्या सिवास प्रांताचा हा मेंढ्यांचा रक्षक, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालून लांडग्यांसमोर उभा राहणारा. व्हिडिओ बघून लोक याच्या प्रेमात पडतात, पण त्याची राखण उगवते कुठून ते व्हिडिओत दिसत नाही. पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच मेंढ्यांत सोडतात. तिथेच खातं, तिथेच झोपतं, आणि मेंढ्या हेच त्याचं गोत होतं. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी अशा कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. चांगल्या कुत्र्यात ते तीन गुण बघत: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करणं आणि राखण. पहिले दोन जमले तर तिसरा बहुतेक आपोआप येतो. खरी झुंज क्वचितच होते. कुत्रं उठतं, भुंकतं, समोर चालून जातं. शिकाऱ्याचा डाव तिथेच फिसकटतो आणि तो दुसरीकडे वळतो.

याची सर्वांत गमतीची साक्ष ऑस्ट्रेलियातली आहे. वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंड या बेटावर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जायचे आणि छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडायचे. २००५ पर्यंत तिथे दहाही पेंग्विन उरले नव्हते. २००६ पासून तिथे इटलीची मरेम्मा जातीची मेंढीराखी कुत्री ठेवायला लागले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वर चढली. मेंढीच्या जागी पक्षी आला तरी कुत्र्याचं काही अडलं नाही. नामिबियात १९९४ पासून चित्ता वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना अशीच अनातोलियन, म्हणजे तुर्कस्तानातली मेंढीराखी कुत्री देतात. शेळ्या सुरक्षित राहिल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही.

आपल्याकडे हे बघायला तुर्कस्तानात जायची गरज नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे फिरतीवर असतात. त्यांच्याबरोबरची ती मळकट, हाडकुळी कुत्री एकदा निवांत बघा. मेंढ्यांभोवती जाळीची वाघर लावलेली असते आणि कुत्री तिच्या आत नाही, बाहेर थोड्या अंतरावर वेगवेगळ्या बाजूंना पसरून पडलेली असतात. झोपलीत असं वाटतं. पण अंधारात काही हललं की एक उठून पाच-दहा पावलं त्या दिशेला जातं आणि तिथेच उभं राहून भुंकतं. बाकीची त्याच्याकडे धावत नाहीत. आपापली बाजू धरून उभी राहतात. हे त्यांना कुणी क्लास लावून शिकवलेलं नाही.

आता तुमच्या आई-वडिलांकडे मेंढ्या नाहीत. पन्नास किलोचा, स्वतःच्या मनानं निर्णय घेणारा कांगल तिथे कोणाला कळप मानेल आणि कोणाला लांडगा? खुरपणीला येणाऱ्या बायका, दूधवाला, मीटर वाचायला आलेला माणूस हे सगळे त्याच्या यादीत कुठे बसतील, याची खात्री तुम्ही पुण्यात बसून देऊ शकणार नाही. रॉटवायलरचंही तसंच. तो रॉटवाइल गावच्या खाटकांचा आणि गुरं हाकणाऱ्यांचा कुत्रा. चांगल्या हातात अतिशय स्थिर असतो. पण सत्तरीच्या माणसाला तो एका हिसक्यात जमिनीवर आणेल. आणि पाळलेल्या जनावराकडून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकाला लागू होतं, हेही ध्यानात असू द्या.

जर्मन शेफर्ड मला या यादीत त्यातल्या त्यात मानवतो. मुळात मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून बांधाच्या कडेनं दिवसभर ये-जा करणारं हे कुत्रं. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी होरांट नावाच्या कुत्र्यापासून जातीची नोंद सुरू केली. हद्दीवर फेऱ्या मारण्याची खोड तिथूनच आलेली. अडचण अशी की आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी पिल्लं नुसती घाबरट असतात.

आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. डॉबरमन मालकाच्या पायामागून बेंबीच्या देठापासून भुंकतोय आणि मालक कौतुकानं सांगतोय, 'बघा कसा सांभाळतो मला!' जरा नीट बघा. अंगाचा भार मागच्या पायांवर, शेपूट खाली, कान मागे, ओठ कोपऱ्यापर्यंत ओढलेले, आणि पाहुणा एक पाऊल पुढे आला की हा दोन पावलं मागे. हे संरक्षण नाही, ही भीती आहे. असं कुत्रं चोराला सोडेल आणि पाठ वळवून निघालेल्या नातवाच्या पोटरीला चावेल. मांडीवर बसून दुसऱ्या कुणाला जवळ येऊ न देणारं कुत्रंही तुमचं रक्षण करत नसतं. ताटावर हक्क सांगावा तसा ते तुमच्यावर हक्क सांगत असतं.

कारवान मला मनापासून आवडतो. लातूर, सोलापूर, जत पट्ट्यातलं देखणं जनावर. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुळातली जोडी राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली होती, आणि पुढे तीच मुधोळ हाउंड या नावानं ओळखली जाणारी कुत्री लष्कराच्या मेरठच्या केंद्रातही प्रशिक्षणासाठी गेली. पण तो डोळ्यांनी सावज हेरून पळणारा शिकारी. परक्याला अंगाला हात लावू देत नाही, सावध असतो, पण ससा दिसला की बांध, रस्ता, मालकाची हाक सगळं मागे पडतं. दोन वयस्क माणसांच्या घरी त्याचा व्यायाम कोण घेणार?

जातीवर किती विसंबायचं यालाही मर्यादा आहे. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. आणि कुत्र्याला आपल्यासाठी काही करावंसं वाटलं तरी ते जमायलाही हवं. २०२० च्या एका अमेरिकन प्रयोगात मालक खोक्यात अडकल्याचं सोंग करून ओरडत होते. ६० पैकी २० कुत्र्यांनी खोकं उघडलं. तुम्हाला हे कमी वाटेल, पण त्याच खोक्यात खाऊ ठेवला तेव्हाही १९ जणांनाच ते उघडता आलं.

आता बिबट्या, ज्याच्यामुळे कुत्रं रात्री बाहेर बांधू नका म्हणालो. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या आहाराचा, वजनाच्या हिशेबानं, ३९ टक्के भाग पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला साखळीनं बांधलेलं महागडं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही.

म्हणून माझा सल्ला: दोन गावठी कुत्री घ्या, शक्यतो एक नर, एक मादी, आणि दोघांचीही नसबंदी करा. रात्री ती पडवीत, जाळीच्या दाराआड. कान तिथूनही चालतात, आणि चोराला मुळात नको असतो तो आवाजच. मोटारीपाशी उजेड आणि कुलूपबंद पेटी करा, ते काम कुत्र्याच्या गळ्यात घालू नका. लस वेळेवर द्या, रेबीजची दर वर्षी.

पिल्लू वस्तीवरूनच घ्या आणि आधी त्याची आई बघा. ती भुंकत पुढे आली, मालकानं हाक दिल्यावर गप्प झाली आणि तुमच्यावर नजर ठेवून बसली, तर पिल्लू बिनधास्त उचला. ती खाटेखाली दडून तिथून गुरगुरत राहिली तर पिल्लू कितीही गोंडस असो, दुसरी वस्ती बघा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, आणि आणल्यावर पहिला महिना-दीड महिना मजूर, दूधवाला, शेजारची पोरं यांच्या हातून त्याला रोज काहीतरी खायला द्या. 'मग ते सगळ्यांशी दोस्ती करेल' असं वडील म्हणतील. करू दे. नेहमीची माणसं कोण हे नीट कळलेलं कुत्रंच रात्री दोन वाजता आलेला माणूस वेगळा आहे हे ओळखतं.