एटीसीमधून, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणातून, विमान वाहतुकीच्या धोरणाच्या कामात जाता येतं का? टॉवरमधली वर्षं वाया जातात का?

तुमची एटीसीत नुकतीच निवड झाली आहे आणि पुढे नियम-धोरणाच्या कामात जायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन्हीकडे काम केलंय. आधी मुंबईत टॉवर आणि रडार, मग दिल्लीत कार्यपद्धती लिहिण्याचं काम. जाता नक्की येतं, आणि टॉवरमधली वर्षं हीच पुढची शिदोरी.

कशी, ते हरियाणातल्या चरखी दादरीवर झालेल्या विमानांच्या टकरीवरून सांगतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं ७४७ विमान वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांची उंची दिली होती. समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० ची. कंट्रोलरने दोन्ही उंच्या बरोबर दिल्या, समोर विमान आहे हेही सांगितलं. तरी कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं, दोघांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीची, इकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) ठरवलेली किमान पातळी चारची अटही अशाच अपघातांतून आली. आज हे नियम फाइलमध्ये कोरडे वाटतात. ज्याने हेडसेटमध्ये चुकलेला रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवताना केलेली चूक, ऐकलाय, त्याला ते तसे वाटत नाहीत.

दिल्लीत माझ्यासमोर एक मसुदा आला. त्यात होतं, ‘कंट्रोलरने वैमानिकास तातडीने कळवावे.’ मी विचारलं, कोणत्या कंट्रोलरने? विमान तेव्हा अप्रोचच्या (विमानतळाजवळ येणारी विमानं सांभाळणाऱ्या कक्षाच्या) फ्रिक्वेन्सीवर असेल की टॉवरच्या? मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, पावसाळ्यात एकाने गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता परत वर गेलं, की मागची सगळी रांग हलते. त्या मिनिटाला कोण बोलणार हे कागदावर नसेल, तर दोघे एकदम बोलतात किंवा कुणीच बोलत नाही. त्या एका ओळीवर आम्ही अख्खी दुपार घालवली. माझ्या मते धोरणाचं खरं काम ते हेच.

हवाई दलाबरोबर आकाश वाटून घेण्याचंही तसंच. भारताच्या आकाशापैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतं, असं सरकारने मे २०२० मध्ये सांगितलं होतं. उरलेल्या भागाला वळसा घालायला लावून वैमानिकांची नाराजी ज्याने ऐकली आहे, तो हवाई दलाबरोबरच्या बैठकीत नेमकं मागतो.

म्हणून घाई करू नका. सात-आठ वर्षं मोठ्या विमानतळावर काढा. टॉवर, अप्रोच, एरिया (दूरच्या मार्गावरची विमानं) अशी रेटिंग, म्हणजे त्या-त्या जागी काम करण्याची पात्रता, घ्या. सोबत कायदा वाचा. १९३४ चा जुना कायदा जाऊन आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आलाय, तिथून सुरुवात करा. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी लोकांसमोर ठेवते. एखादा निवडून स्वतःच्या ड्यूटीतल्या अनुभवावर दोन पानं लिहून पाठवा. अशा दोन पानांनी माझं लिहिणं सुधारलं.

एक गोष्ट जड जाईल. कंट्रोलरची खुर्ची सुटली की काही काळाने रेटिंगही जातं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. अजूनही मुंबईला गेलो की परवानगी काढून टॉवरमध्ये तासभर मागे उभा राहतो. चालू कामातलं एखादं वाक्य ड्यूटी संपवून उठलेल्या मुला-मुलींना वाचायला देतो. ते जिथे अडखळतात, ते वाक्य परत लिहायला घेतो.