'मिस्टेकन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कसा वापरायचा?

'मिस्टेकन' म्हणजे चुकीच्या समजुतीत असलेला. 'यू आर मिस्टेकन' म्हणजे 'तुमचा गैरसमज झालाय'. रूप कर्मणी दिसतं म्हणून अनेकजण याचा अर्थ 'तुमच्याबद्दल गैरसमज झाला' असा लावतात. तो अर्थ इथे अजिबात नाही, चूक समोरच्याचीच आहे.

मात्र पुढे 'फॉर' आलं की वाक्य खरोखर कर्मणी होतं: 'ही वॉज मिस्टेकन फॉर अ डॉक्टर', म्हणजे लोकांनी त्याला डॉक्टर समजलं. कशाबद्दल गैरसमज आहे हे सांगायचं तर 'अबाउट' लावा: 'शी वॉज मिस्टेकन अबाउट द डेट'.

हा शब्द माणसाला किंवा त्याच्या समजुतीला लागतो. गणिताचं उत्तर चुकलं तर 'राँग' किंवा 'इन्करेक्ट' म्हणा, 'मिस्टेकन आन्सर' कानाला खटकतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'यू आर राँग' फार तोंडावर मारल्यासारखं होतं. त्याऐवजी 'आय थिंक यू आर मिस्टेकन' लिहा. स्वतःच्या माहितीची पूर्ण खात्री नसेल तेव्हा 'इफ आय अ‍ॅम नॉट मिस्टेकन', म्हणजे 'माझी चूक होत नसेल तर'.

आणि चूक 'केली' म्हणताना 'आय डिड अ मिस्टेक' नको, 'आय मेड अ मिस्टेक' हवं.