समुद्रशैवालातील संयुगांची छाननी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोळा केलेले शैवाल वाळवून घ्यावे की ओले असतानाच त्याचा अर्क काढावा?

उत्तर : हे शोधायच्या संयुगावर अवलंबून आहे. तपकिरी शैवालातील फ्युकोझॅन्थिन हे रंगद्रव्य उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होते, म्हणून त्यासाठी उन्हाऐवजी फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात वाळवणे) बरे. पण अ‍ॅस्परॅगॉप्सिस या लाल शैवालातील ब्रोमोफॉर्म बाष्पनशील असल्यामुळे त्याच प्रक्रियेत उडून जाऊ शकते. धुण्यासाठी गाळलेले समुद्राचे पाणी वापरावे आणि अगदी शेवटी, मीठ जाण्यापुरतेच, गोड्या पाण्यातून काढावे. फार वेळ ठेवल्यास पेशी फुटून पाण्यात विरघळणारी द्रव्ये निघून जातात. उलट मीठ राहिले, तर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) रेणूंचे आयनीभवन, म्हणजे विद्युतभारित होणे, दबते.

प्रश्न : फोलिन-सिओकाल्टू या फिनॉल मोजण्याच्या चाचणीत गडद निळा रंग आला. अर्कात फ्लोरोटॅनिन (तपकिरी शैवालातील फिनॉलवर्गीय संयुगे) भरपूर आहेत असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. हा अभिकारक अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, प्रथिने अशा अनेक क्षपणकारक द्रव्यांनाही प्रतिसाद देतो.

प्रश्न : माझ्या अर्काच्या मास स्पेक्ट्रममध्ये (वस्तुमानांच्या आलेखात) कुठल्याच यादीत न सापडणारे पीक (शिखर) आहे. हे नवे संयुग असेल का?

उत्तर : असेलही, पण आधी शैवाल न घालता, त्याच द्रावकाने आणि त्याच भांड्यांत केलेला कोरा नमुना तपासावा. ३९१ आणि १४९ या वस्तुमानांजवळची पीके बहुधा प्लास्टिकच्या नळ्या-झाकणांतून आलेल्या थॅलेटची (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची) असतात. अशा ‘शोधां’चा उत्साह मी बऱ्याचदा ओसरताना पाहिला आहे. लॉरेन्सियासारख्या, ब्रोमीनयुक्त संयुगे बनवणाऱ्या लाल शैवालांत मात्र एक खूण उपयोगी पडते. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ हे समस्थानिक जवळजवळ समप्रमाणात असल्याने, एक ब्रोमीन असलेल्या रेणूची दोन युनिटांच्या अंतरावर सारख्या उंचीची जोडपीके दिसतात, आणि दोन ब्रोमीन असतील तर १:२:१ असा त्रिकूट दिसतो. तरीही समान सूत्राचे समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेले रेणू) केवळ वस्तुमानावरून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी संयुग शुद्ध करून एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना उलगडणारी तपासणी) करावेच लागते.

प्रश्न : इतके करून जुनेच संयुग निघाले, तर श्रम वाया गेले का?

उत्तर : तसे मी मानत नाही. डोमोइक आम्ल १९५८ मध्ये जपानमध्ये कॉन्ड्रिया आर्माटा या लाल शैवालातून वेगळे केले गेले होते. १९८७ मध्ये कॅनडात शिंपले खाऊन लोकांना विषबाधा झाली, तेव्हा त्यामागचे विष म्हणून हेच आम्ल ओळखता आले, कारण त्याची रचना आधीच नोंदलेली होती.