कॉम्प्युटरचं गाव बदललं, दवंडी वेशीवरच अडली

प्रश्न : सर नमस्कार. मी सेलूचा (जि. परभणी). डिप्लोमा झालाय आणि घरीच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समधे (एकाच लॅपटॉपमधे अनेक कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) प्रॅक्टिस लॅब करायलोय. एक विंडोज सर्व्हर आहे, त्याच्यावरच डोमेन कंट्रोलर (डोमेनमधली लॉगिनं तपासणारा), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा), डीएचसीपी (आयपी वाटणारा) सगळं, आयपी १९२.१६८.१०.१०. दुसऱ्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावून राउटर केलाय, एका बाजूला १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्या बाजूला १९२.१६८.२०.१. क्लायंट (म्हणजे साधा वापरायचा कॉम्प्युटर) १० च्या सबनेटमधे (नेटवर्कचा एक तुकडा, इथं १९२.१६८.१० नं सुरू होणारे पत्ते) मस्त चालत होता, तो २० मधे हलवला तर १६९.२५४ चा आयपी यायलाय. मग हातानं १९२.१६८.२०.५० टाकला, डीएनएस ८.८.८.८ दिला. राउटरच्या दोन्ही बाजू पिंग व्हायल्यात पण सर्व्हर काही केल्या लागंना. शेवटी क्लायंट डोमेनमधून काढला, म्हटलं परत जॉईन करू, तर आता डोमेनच सापडत नाही म्हणतंय. काय चुकायलंय?

उत्तर : सबनेट बदललं म्हणून मशीन डोमेनमधून काढायची गरज कधीच नसते, हे आधी सांगतो कारण ही चूक लई जण करतात आणि त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. डोमेन मशीनला ओळखतं ते तिच्या अकाउंटवरून आणि त्या अकाउंटच्या पासवर्डवरून, आयपीवरून नाही. माणूस सेलूहून गंगाखेडला राहायला गेला तर पत्ता बदलतो, नाव तेच राहतं ना, तसंच.

आता तुमच्या लॅबचा खरा प्रॉब्लेम. मला वाटतं तो क्लायंटवर नाहीच, डोमेन कंट्रोलरवर आहे. त्याच्या नेटवर्क सेटिंगमधे डिफॉल्ट गेटवेची (आपल्या सबनेटबाहेर जायचं तर कोणाकडं द्यायचं तो पत्ता) जागा बघा, बहुतेक रिकामी असेल. एकच सबनेट असतं तेव्हा तिथं काही लिहायची गरजच पडत नाही, म्हणून राहून जातं, आणि पुढं दुसरं सबनेट जोडलं की तीच रिकामी जागा आडवी येते. सेलूहून गंगाखेडला रेल्वेनं जायचं तर परभणीवरून वळावं लागतं, हे सेलूच्या माणसाला माहीत आहे, पण गंगाखेडच्या माणसाला परतीची वाट माहीतच नसली तर? तुमचा पिंग सर्व्हरपर्यंत पोचतोय, उत्तर द्यायची सर्व्हरची तयारीपण आहे, पण २० चं सबनेट कुठून गाठायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. राउटरच्या दोन्ही बाजू लागतात कारण ते उत्तर राउटर स्वतःच देतोय आणि राउटरला दोन्ही गावं माहीत आहेत. डोमेन कंट्रोलरवर गेटवे १९२.१६८.१०.१ टाका आणि परत पिंग करून बघा. इंटरनेटसाठी त्याच सर्व्हरला दुसरं कार्ड लावून तिथं गेटवे दिला असेल तर मात्र दुसरा गेटवे टाकू नका, रूट अ‍ॅड कमांडनं फक्त २० च्या सबनेटची वाट १०.१ वरून दाखवा. माझ्या मते डोमेन कंट्रोलरला दुसरं कार्ड नसलेलंच बरं, दोन्ही पत्ते डीएनएसमधे जातात आणि नको तो गोंधळ होतो, इंटरनेट द्यायचंच तर राउटरवरून द्या.

मग आला डीएचसीपी. १६९.२५४ चा आयपी म्हणजे क्लायंटनं आयपी मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. क्लायंट आयपी मागतो तो दवंडी पिटून, कारण त्याला अजून कोणाचाच पत्ता माहीत नसतो, आणि दवंडी गावाच्या वेशीबाहेर जात नाही, राउटर ती पुढं ढकलतच नाही. म्हणून वेशीवर एक माणूस बसवावा लागतो जो दवंडी ऐकून तिची चिठ्ठी करतो, चिठ्ठीवर आपल्या गावचा पत्ता लिहितो आणि डीएचसीपी सर्व्हरकडं पोचवतो. हाच रिले एजंट. राउटर सर्व्हरवर राउटिंग अँड रिमोट अ‍ॅक्सेसमधे आयपीव्ही४ खाली जनरलवर राइट क्लिक करून नवीन राउटिंग प्रोटोकॉल म्हणून डीएचसीपी रिले एजंट घ्या, त्यात २० च्या बाजूचं कार्ड जोडा आणि प्रॉपर्टीजमधे सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.१० द्या. चिठ्ठीवर २०.१ लिहिलेलं बघूनच सर्व्हर ठरवतो की कोणत्या स्कोपमधला आयपी द्यायचा, त्यामुळं सर्व्हरवर २० चा वेगळा स्कोप (वाटायच्या आयपींचा पट्टा) पाहिजे, समजा २०.५० ते २०.२००, राउटर २०.१, डीएनएस १०.१०. राउटरचा ऑप्शन स्कोपमधेच टाका, पूर्ण सर्व्हरला टाकला तर दोन्ही गावांना एकच वेस दाखवली जाईल. आणि बघा, सर्व्हरचं उत्तर जातं ते २०.१ लाच, म्हणजे वरचा गेटवे दुरुस्त केला नसता तर रिले लावूनही क्लायंट तसाच १६९ वर अडकला असता आणि तुम्ही रिलेलाच दोष देत बसला असता.

८.८.८.८ आधी काढा. तुमच्या लॅबमधलं डोमेन बाहेरच्या डीएनएसला कसं माहीत असणार? क्लायंटचा डीएनएस कोणत्याही सबनेटमधे असला तरी १९२.१६८.१०.१० च. आता मशीन डोमेनमधून निघालेलीच आहे तर लोकल अ‍ॅडमिननं लॉगिन करून, आयपी आणि डीएनएस दोन्ही ऑटोमॅटिकवर ठेवून, आयपीकॉन्फिगला रिलीज आणि रिन्यू देऊन २० चा आयपी आला का बघा, आला की जॉईन करा.

डोमेन कंट्रोलरवरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेसमधे २० चं सबनेट नोंदवून तुमच्या एकुलत्या साइटला (एका ठिकाणच्या सबनेटांचा गट) जोडा. एकच डोमेन कंट्रोलर असताना त्यावाचून लॉगिन अडत नाही. पण उद्या दुसरा डोमेन कंट्रोलर २० मधे उभा करून त्याची वेगळी साइट केलीत तर क्लायंट जवळचा सर्व्हर याच नोंदीवरून शोधतो, म्हणून आत्ताच करा.

अजून एक. सर्व्हरवरून क्लायंटला उलटा पिंग लागला नाही तर घाबरू नका, क्लायंटचा फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून आलेला पिंग बऱ्याचदा अडवतो. आणि हे सगळं बदलायच्या आधी एका मशीनचा नाही, तिन्ही मशीनचा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) एकदमच घ्या, मागं जायची वेळ आली तरी तिन्ही एकदमच मागं न्या. एकटा क्लायंट महिनाभर जुन्या स्नॅपशॉटवर गेला तर त्याचा डोमेनचा पासवर्ड जुना पडलेला असू शकतो, आणि मग डोमेनशी ट्रस्ट तुटल्याचा मेसेज येतो. गेटवे टाकल्यावर काय झालं ते नक्की कळवा.